भिंतीतच बसवलेला दरवाजा

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मोबाइल फोन तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना एक आदेश धाडला. ‘संचार साथी’ नावाचे सरकारी अ‍ॅप देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासूनच बसवलेले असावे, फोन प्रथम सुरू करताच ते ग्राहकाला दिसावे, त्याची कामे कोणाला बंद पाडता येऊ नयेत, आणि जे फोन कारखान्यातून निघून दुकानांच्या वाटेवर आहेत त्यांतही ते इंटरनेटवरून उतरवले जावे, असा त्याचा आशय होता. मुदत ९० दिवसांची. या आदेशाची दवंडी कोणी पिटली नव्हती. १ डिसेंबरला ती बातमी बाहेर आली आणि देशभर गदारोळ उडाला. २ तारखेला दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी खुलासा केला की नको असेल त्याला हे अ‍ॅप काढून टाकता येईल. ३ तारखेला सरकारने सक्तीच मागे घेतली. एका सरकारी फर्मानाचे आयुष्य पुरते एक आठवड्याचेही ठरले नाही.

प्रकरण मिटले, असे म्हणून आपण पुढल्या बातमीकडे वळलो. पण मिटले ते एक फर्मान. प्रश्न मिटलेला नाही. आपण पैसे मोजून घरी आणलेल्या यंत्राच्या पोटात काय असावे, ते कोणाशी बोलावे आणि कोणाच्या सांगण्यावरून बोलावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? विकत घेणाऱ्याचा, बनवणाऱ्याचा, की सरकारचा? हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या संगणकतज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. तो भंडाऱ्यातल्या धान उत्पादकाचा आहे, साकोलीतल्या अंगणवाडी सेविकेचा आहे, तुमसरच्या दुकानदाराचा आहे. आणि सरकारी पाळतीच्या विषयात भंडारा जिल्ह्याचे नाव एकदा थेट विधानसभेत गाजून गेलेले आहे. त्याकडे पुढे येऊच.

जोडणी बाहेरून आत कशी आली?

आधी थोडे मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच महिन्यात अमेरिकेत ‘विंडोज ९५’ बाजारात आली. त्या काळी संगणक ही एक वस्तू होती आणि इंटरनेट ही दुसरी. मॉडेम नावाची पेटी टेलिफोनच्या तारेला जोडायची, क्रमांक फिरवायचा, घरघर ऐकायची, आणि मग जगाशी गाठ पडायची. घरात कोणी रिसीव्हर उचलला की गाठ सुटायची. गैरसोय होती, पण तिच्यात एक स्पष्टता होती. आपण जोडले केव्हा आणि तोडले केव्हा, हे घरातल्या पोरासोरांनाही कळत असे.

तीन वर्षांत चित्र पालटले. विंडोज ९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट पाहण्याचे साधन, म्हणजे ब्राउझर, आपल्या संगणक प्रणालीतच विणून टाकले. मे १९९८ मध्ये अमेरिकी न्याय खाते आणि तिथली २० राज्ये कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली. हा नेटस्केप या प्रतिस्पर्धी कंपनीचा गळा आवळण्याचा डाव आहे, असा आरोप होता. ब्राउझर हा आता प्रणालीचाच अवयव आहे, तो वेगळा काढता येणार नाही, असा कंपनीचा बचाव होता. जून २००० मध्ये न्या. थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला, मक्तेदारीचा ठपका मात्र कायम ठेवला आणि शेवटी तडजोड झाली.

त्या खटल्यात वाद झाला तो बाजारपेठेचा. कोणाचा धंदा कोणी बुडवला, याचा. घराच्या भिंतीतच बसवलेला हा दरवाजा उद्या बाहेरूनही उघडता येईल काय, हा तिथे वादाचा मुद्दाच नव्हता. आज पाव शतकानंतर तोच मुद्दा मुख्य झाला आहे. कारण आता जोडणी ही प्रणालीची सवय नव्हे, श्वास आहे. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीत संगणक प्रथम सुरू करतानाच ती इंटरनेटची जोडणी आणि कंपनीकडचे खाते मागते. फोनचेही तेच, खाते उघडल्याशिवाय त्याचा निम्मा उपयोग होत नाही. यंत्र मालकाशी बोलण्याआधी आपल्या निर्मात्याशी बोलून घेते.

बंद दरवाजाही सुरक्षित नाही

मग ही जोडणी तोडूनच टाकावी, असे एखादा म्हणेल. ते तितके सोपे नाही, आणि कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रणालीत कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते. तिच्यात चुका राहतात. चूक सापडली की कंपनी इंटरनेटवरून ठिगळ पाठवते. ते लावले नाही तर चोर त्याच भोकातून शिरतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉन्नाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर थैमान घातले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोजमधल्या त्या चुकीचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते ते बळी पडले. दीडेक महिन्याने ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले.

पण या गोष्टीचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. ही चूक शोधून काढली होती अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने. तिने ती कंपनीला वेळेवर कळवली नाही; हेरगिरीला उपयोगी म्हणून स्वतःजवळ दडवून ठेवली. पुढे ते हत्यारच चोरीला गेले, एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले आणि गुंडांच्या हाती पडले. म्हणजे सरकारने चांगल्या हेतूने, देशाच्या रक्षणासाठी ठेवलेली चोरवाट दरोडेखोरांना सापडली. चोरवाटेचा हाच स्वभाव आहे. ती कोणासाठी बांधली हे तिला ठाऊक नसते. ज्याला सापडली त्याची ती होते.

दूर बसलेल्या निर्मात्याच्या हातात दोरी असण्याचे आणखी दोन अनुभव ताजे आहेत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष दुरुस्तीने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी आडवे केले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवासपत्र देण्याची पाळी आली. आणि जुलै २०२५ मध्ये, युरोपीय महासंघाने रशियावर घातलेल्या निर्बंधांचा आधार घेऊन मायक्रोसॉफ्टने गुजरातमधल्या वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या रशियन भागीदारीच्या कंपनीची सेवा अचानक बंद केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि सेवा परत सुरू झाली. कारखाना भारतात, कामगार भारतीय, सेवेचे पैसे भरलेले. पण कळ परदेशात. ज्या हाताला बंद करता येते, त्या हाताला पाहताही येते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कोण पाहते?

याची शंका नवी नाही. १९९९ मध्ये विंडोजच्या आज्ञावलीत एका तज्ज्ञाला अमेरिकी सुरक्षा संस्थेच्या आद्याक्षरांचे नाव असलेली एक गुप्तकिल्ली आढळली, आणि हा हेरांचा दरवाजा तर नव्हे, अशी हाकाटी जगभर उठली. ती किल्ली आमच्याच ताब्यात आहे, असे मायक्रोसॉफ्टने ठणकावून सांगितले. हेरगिरीचा पुरावा कधीच मिळाला नाही. संशयाची ती गोष्ट संशयापाशीच थांबली.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेली कागदपत्रे मात्र संशयाच्या पलीकडची होती. अमेरिकी संस्थेच्या ‘प्रिझम’ या योजनेत मायक्रोसॉफ्टचे नाव २००७ पासून असल्याचे त्यांत दिसत होते. पुढे गूगल, फेसबुक, अ‍ॅपलचीही नावे होती. थेट शिरकाव आम्ही कोणाला दिलेला नाही, कायद्याने मागितले तेवढेच दिले, असे कंपन्यांनी सांगितले. त्याच कागदपत्रांतल्या एका नकाशानुसार मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून सुमारे ६३० कोटी नोंदी गोळा झाल्या होत्या. अशा देशांच्या यादीत आपला क्रमांक पाचवा होता. शत्रूंच्या नव्हे, मित्रांच्या देशाची ही कथा. अगदी अलीकडे, जानेवारी २०२६ मध्ये, आणखी एक गोष्ट उघड झाली. विंडोज संगणकातली माहिती कुलूपबंद करणाऱ्या सोयीची जादा किल्ली पुष्कळदा कंपनीच्याच भांडारात जमा होते, आणि न्यायालयाचा हुकूम दाखवल्यावर मायक्रोसॉफ्टने अशा किल्ल्या अमेरिकी तपास यंत्रणेला दिल्या होत्या. यात बेकायदा काही नव्हते. पण आपल्या तिजोरीची एक किल्ली सावकाराकडेही आहे, हे किती ग्राहकांना माहीत होते?

आपल्या सरकारला हे धोके कळत नाहीत असे नाही. चेन्नईच्या सी-डॅक केंद्राने लिनक्सच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ मध्येच आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवरून विंडोज काढून ‘माया’ ही स्वदेशी प्रणाली बसवण्याचे ठरवले. योग्यच केले. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. देशाच्या तोफखान्यासाठी लागणारी स्फोटके जिथे बनतात, त्या खात्याच्या संगणकाचे कान परक्याच्या हाती असून कसे चालेल? पण मग एक साधा प्रश्न उरतो. दुसऱ्याने बसवलेल्या आज्ञावलीवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे शहाणपण सरकार स्वतःपुरते पाळते. तेच नागरिकाने सरकारच्या बाबतीत पाळले, तर त्याला अकारण शंकेखोर का म्हणायचे?

भंडाऱ्याचे खासदार आणि ‘अमजद खान’

इथे भंडाऱ्याची गोष्ट येते. २०१४ मध्ये भंडारा-गोंदिया मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाचे खासदार म्हणून निवडून आलेले नाना पटोले यांनी पुढे स्वपक्षाच्या धोरणांवर उघड टीका सुरू केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला; नंतर ते काँग्रेसमध्ये गेले. जुलै २०२१ मध्ये, महाविकास आघाडीचे सरकार असताना, त्यांनी विधानसभेत आरोप केला की २०१६-१७ च्या सुमारास आपला फोन चोरून ऐकला जात होता. सरकारी कागदावर तो फोन पटोल्यांचा नव्हता. ‘अमजद खान’ या नावाच्या इसमाचा होता, आणि कारण अमली पदार्थांच्या व्यापाराचे दाखवले होते. इतर काही लोकप्रतिनिधींचे फोनही असेच भलत्या नावांनी ऐकल्याचे समोर आले. सरकारने चौकशी समिती नेमली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात तत्कालीन पोलीस आयुक्तांवर गुन्हा दाखल झाला. जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. त्यामुळे कोणा अधिकाऱ्यावर दोष सिद्ध झालेला नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

व्यक्ती बाजूला ठेवून यंत्रणेकडे पाहावे, कारण धडा तिथे आहे. फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने दिला. राज्यात त्यासाठी गृहसचिवाची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएलच्या याचिकेवर निकाल देताना फोनवरचे बोलणे हा खासगी आयुष्याचा भाग मानला आणि एक पुनर्विलोकन समिती नेमायला सांगितली. मात्र आधी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची अट कायद्यात नाही म्हणून घातली नाही. तेव्हापासून राज्यातल्या समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. मागणारे सरकारी, मंजुरी देणारे सरकारी, तपासणारेही सरकारी. कागदावर ‘अमजद खान’ लिहिले असेल, तर त्या क्रमांकाचा खरा मालक कोण हे शोधायला या साखळीत कोणी बसलेलेच नाही.

तपासणी किती होते याचा अंदाज न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या जुलै २०१८ च्या अहवालावरून यावा. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या केंद्रीय पुनर्विलोकन समितीपुढे एकेका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात, असे त्यात नमूद आहे. दिवसभर बसून एकेका आदेशाला दोन सेकंददेखील मिळणार नाहीत. याला तपासणी म्हणायचे की शिक्कामोर्तब?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ज्याचा फोन ऐकला जातो त्याला ते कळण्याची कायद्यात सोय नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश बेकायदा ठरवले. लाचेचा आरोप म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेला धोका नव्हे, असे न्यायालय म्हणाले. पण त्याला हे कळले कशामुळे? त्याच्यावर खटला भरला गेला म्हणून. पटोल्यांचे प्रकरण बाहेर आले ते सरकार बदलले होते तेव्हा. ज्याच्यावर खटला होत नाही आणि ज्याच्या बाजूचे सरकार कधी येत नाही, त्या सामान्य माणसाला कळण्याचा मार्ग कोणता? २०२३ चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, जुनी टेलिग्राफची चौकट गेली. समितीतले सरकारी चेहरे मात्र तेच राहिले.

एका माणसाचा फोन आणि सगळ्यांचे फोन

आता या दोन धाग्यांची गाठ मारून पाहा. तार होती तोवर ऐकायचे असेल तर एकेका माणसासाठी एकेक आदेश काढावा लागे, एकेक कान बसवावा लागे. खोट्या नावाने का होईना, कागद तयार करावा लागे. म्हणूनच भंडाऱ्याच्या प्रकरणात निदान कागद तरी सापडला. प्रणालीत आधीच बसवलेल्या अ‍ॅपला असा माणसागणिक कागद लागत नाही. एक आदेश, आणि कोट्यवधी फोन. आज ते अ‍ॅप हरवलेला फोन शोधेल. उद्या एका रात्रीच्या दुरुस्तीने त्याला काय नवे शिकवले, हे फोनच्या मालकाला कळणारही नाही.

संचार साथीची बाजूही ऐकली पाहिजे. चोरीचा फोन बंद पाडणे, आपल्या नावावर किती सिमकार्डे निघाली आहेत ते पाहणे, फसवणुकीचे फोन कळवणे, ही कामे लोकांच्या उपयोगाची आहेत. ‘डिजिटल अटके’च्या धाकाने निवृत्त शिक्षकांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते, त्या काळात अशा साधनाची निंदा कोण करील? सक्ती मागे घेताना सरकारनेच सांगितले की १ कोटी ४० लाख लोकांनी ते आपखुशीने उतरवून घेतले आहे. मग उपयोगी वस्तू लोक आपणहून घेत असतील तर सक्ती कशाला, हा सवाल त्या आकड्यातूनच उभा राहतो.

अशी सक्ती जगात कुठे कुठे झाली ते पाहावे. चीनने २००९ मध्ये हुकूम काढला की १ जुलैपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकात ‘ग्रीन डॅम’ ही आज्ञावली हवी. कारण दिले मुलांना अश्लीलतेपासून वाचवण्याचे. तपासल्यावर तिच्यात राजकीय शब्द गाळण्याची सोयही निघाली, आणि चोरांना शिरता येईल अशी भोकेही. लोक आणि कंपन्या इतक्या खवळल्या की आदल्या दिवशी हुकूम लांबणीवर पडला आणि ऑगस्टमध्ये घरगुती संगणकांपुरता सोडून द्यावा लागला. रशियात १ एप्रिल २०२१ पासून देशी अ‍ॅपे फोनमध्ये आधीच बसवणे सक्तीचे आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘मॅक्स’ हे सरकारमान्य संदेश-अ‍ॅप त्यांत आले. जगातली सर्वांत मोठी लोकशाही म्हणवणाऱ्या देशाने कोणाच्या पंक्तीला बसावे, हे आपण ठरवायचे आहे.

‘माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. पण लपवणे आणि झाकणे यांत फरक आहे. आपण घराला दार लावतो ते आत चोरीचा माल आहे म्हणून नव्हे. मुलीच्या लग्नाची बोलणी, थकलेले कर्ज, डॉक्टरांनी सांगितलेले दुखणे, भावाभावांतला वाटणीचा तंटा, यांत गुन्हा काही नाही. तरी ते चारचौघांसाठी नसते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तो याच अर्थाने. त्या पीठात आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते.

शिवाय सरकारशी भांडण्याची वेळ सामान्य माणसावरही येते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट, आणि त्यातले ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत. शेजारच्या नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली, तेव्हा कामगारांनी विचारले की आम्ही माणसे की गुरे? या बायाबापड्यांनी कोणताही कायदा वाचलेला नव्हता. पण यंत्र आपले काम हलके करते आहे की आपल्यावर पहारा देते आहे, हे त्यांना बरोबर कळले होते.

आणि धान उत्पादक? ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. बांधीत उभे राहून फोनने पिकाचा फोटो काढायचा, यंत्र जागा टिपून घेते, आणि तेव्हा सातबाऱ्यावर धान चढते. तो चढला नाही तर हमीभावाच्या केंद्रावर अडते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी करावी लागली. पैसा योग्य हाती पडावा म्हणून हे लागते, मान्य. पण ज्याच्यावाचून धान विकत नाही आणि पंधराशे रुपये मिळत नाहीत, त्याला ‘ऐच्छिक’ म्हणण्यात अर्थ नाही. लोक संमतीचे बटन दाबतात ते पटले म्हणून नव्हे, रांग पुढे सरकावी म्हणून.

ही माहिती पुढे कुठे जाते, किती काळ राहते, हे विचारण्याचा हक्क देणारा कायदा आपण केला खरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. पण त्याच्या १७ व्या कलमाने केंद्र सरकारला हवी ती सरकारी यंत्रणा देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांनी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवता येते. उलट त्याच कायद्याने माहितीच्या अधिकारात बदल करून ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून सरकारी कागद नाकारणे सोपे केले. तो बदल मात्र तत्काळ अमलात आला. नागरिकाच्या घराला काचेच्या भिंती आणि सरकारच्या कचेरीला पडदे, असा हा न्याय झाला.

तुडुम कोणाच्या हाती?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलावाला पाळ असते आणि पाणी सोडायला तुडुम असते. तलाव बांधला म्हणून कोणी मालगुजाराला दोष देत नव्हते. तुडुम केव्हा उघडावे आणि कोणी, यावरून मात्र गावात भांडणे होत. पण ती भांडणे होऊ शकत, कारण तुडुम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे. संगणक प्रणालीचे तुडुम डोळ्यांना दिसत नाही. ते दिसते करणे, हेच खरे काम आहे.

त्यासाठी मागण्या फार नाहीत. फोन वा संगणक ऐकण्याच्या, तपासण्याच्या प्रत्येक आदेशाला आधी न्यायाधीशाची मंजुरी हवी; अमेरिकेत एखाद्याची तिजोरी उघडायला हुकूम लागतो, तो इथेही लागावा. तातडीच्या वेळी नंतर घेता येईल, पण घ्यावीच लागेल अशी. पुनर्विलोकन समितीत सरकारबाहेरची माणसे हवीत. तपास संपला आणि काही निघाले नाही, तर ठरावीक मुदतीनंतर त्या माणसाला कळवले पाहिजे. मग कोणाला ‘अमजद खान’ करणे सोपे राहणार नाही. वर्षाला किती आदेश निघाले याचा आकडा विधिमंडळापुढे यावा. सरकारी अ‍ॅपची आज्ञावली तज्ज्ञांना तपासण्यासाठी खुली असावी, आणि आधीच बसवलेली कोणतीही वस्तू, कंपनीची असो वा सरकारची, मालकाला मुळासकट उपटून टाकता आली पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. शाळा आणि ग्रामपंचायतींतले जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांच्यावर लिनक्सची, आपल्या ‘बॉस’ची चाचणी घ्यायला हरकत काय आहे?

घरातही थोडे करता येते. नव्या फोनमध्ये कोणत्या अ‍ॅपला कॅमेरा, माइक, संदेश आणि ठिकाण पाहण्याची मुभा आहे ते एकदा उघडून पाहावे. विजेऱ्यासाठी घेतलेल्या अ‍ॅपला आपली पत्त्यांची वही लागत नाही. दुरुस्त्या मात्र वेळच्या वेळी लावाव्यात. हेरांच्या भीतीने चोरांना दार उघडे ठेवू नये. आणि हे काम घरातल्या शाळकरी मुलांबरोबर बसून करावे, कारण पुढची पन्नास वर्षे या यंत्रांबरोबर काढायची आहेत ती त्यांना.

डिसेंबर २०२५ मध्ये लोकांनी ओरड केली आणि सरकारने पाऊल मागे घेतले, याचे समाधान मानायला हरकत नाही. पण ते पाऊल मागे घेतले गेले, ते टाकण्याचा अधिकार मागे घेतला गेलेला नाही. तो ज्या नियमांखाली वापरला ते नियम जागच्या जागी आहेत. पुढचे फर्मान याहून चांगले कारण घेऊन येईल, आणि बहुधा इतक्या लवकर बातमीत येणार नाही. घराला दरवाजा हवाच. जगाशी संबंध तोडून कोणाचे भले झालेले नाही. आग्रह एवढाच धरायचा की त्याची कडी आतल्या बाजूला असावी.